वाळवंटातील पर्वत आणि उंचीनुसार बदलणारे ऋतू

(आंतरराष्ट्रीय पर्वत दिनानिमित्त शिक्षक व पंचायत सदस्यांच्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयानुसार २००३ पासून ११ डिसेंबर हा दिवस आंतरराष्ट्रीय पर्वत दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने चार शब्द बोलावेत, असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा सह्याद्रीविषयी बोलावे असे प्रथम माझ्या मनात आले. परंतु सह्याद्री आपणां सर्वांच्या इतका परिचयाचा आहे, की त्याच्याकडे पाहताना पुष्कळ गोष्टी नजरेतून निसटतात. परक्या मुलखातील डोंगर पाहिला म्हणजे आपल्या अंगणातील डोंगरही नव्याने दिसू लागतो. म्हणून आज मी आपणांस अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एका वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात घेऊन जाणार आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. हवामानशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका तालुक्याच्या पावसाविषयीचे प्रसिद्धिपत्रक मी तयार केले होते. ‘तालुक्यातील पावसाची सरासरी समाधानकारक आहे’ असे त्यात म्हटले होते. आठवड्याभराने त्याच तालुक्यातील एका गावचे वयोवृद्ध सरपंच वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, तुमचा आकडा खरा असंल. पण तो पाऊस घाटमाथ्यावर पडला. आमचं गाव डोंगराच्या उगवतीला आहे. आमच्या विहिरीला सरासरी कळत नाही.”

त्या वाक्याने मला जे शिकविले, त्याचाच विस्तार आजच्या व्याख्यानात आहे. डोंगराळ प्रदेशाला एक हवामान नसते. उंचीच्या प्रत्येक पायरीवर ऋतू निराळा असतो. हे जेथे विशेष ठळकपणे दिसते, अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे टेक्सासमधील बिग बेंड राष्ट्रीय उद्यान.

वाळवंट आणि त्यातील पर्वत

अमेरिका व मेक्सिको यांच्या सरहद्दीवरून रिओ ग्रांदे ही नदी वाहते. आग्नेयेकडे जाता जाता ती एके ठिकाणी मोठे वळण घेऊन ईशान्येकडे वळते. या वळणालाच ‘बिग बेंड’, म्हणजे ‘मोठे वळण’, असे नाव पडले. या वळणाच्या कुशीत १९४४ साली हे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,२४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोवा राज्यापेक्षा थोडे कमी, एवढे आहे.

हा सर्व प्रदेश चिवावा नावाच्या विस्तीर्ण वाळवंटाचा भाग आहे. या वाळवंटाचा मोठा भाग मेक्सिकोत असून त्याच्या पूर्वेस व पश्चिमेस सिएरा माद्रे या नावाच्या दोन पर्वतरांगा उभ्या आहेत. पूर्वेकडून मेक्सिकोच्या आखातावरून आणि पश्चिमेकडून प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प बऱ्याच अंशी या रांगांवरच उतरून जाते. आत पोहोचणारी हवा कोरडी असते. शिवाय या अक्षांशांच्या पट्ट्यात वातावरणाच्या वरच्या थरातील हवा वर्षातील बराच काळ खाली उतरत असते, आणि खाली उतरणारी हवा ढग जमू देत नाही. या दोन कारणांनी हे वाळवंट निर्माण झाले आहे.

अशा या कोरड्या मुलखाच्या मध्यभागी चिसॉस नावाची पर्वतरांग उभी आहे. संपूर्ण पर्वतरांग आपल्या हद्दीत सामावून घेणारे अमेरिकेतील एकमेव राष्ट्रीय उद्यान, अशी बिग बेंडची ओळख सांगितली जाते. पूर्वेकडे नदीकाठची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंचीवर आहे. उद्यानाचे मुख्य कार्यालय पँथर जंक्शन येथे ३,७५० फुटांवर आहे. चिसॉस पर्वताच्या मधोमध ‘बेसिन’ या नावाचा एक खोलगट भाग असून तो ५,४०० फुटांवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर जवळजवळ एवढ्याच उंचीचे आहे. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच जागेइतकी उंची तेथे केवळ डोंगरातील परातीच्या तळाची आहे. त्या परातीच्या काठावरील एमोरी हे सर्वोच्च शिखर सुमारे ७,८०० फूट उंच आहे.

नदीकाठ आणि शिखर यांच्यात आडवे अंतर थोडे आणि उभे अंतर सहा हजार फुटांचे आहे. एवढ्या उभ्या अंतरात काय काय बदलते, हे आता क्रमाने पाहू.

वर चढलेली हवा थंड का होते?

वर्गात मुले एक प्रश्न हमखास विचारतात. डोंगरमाथा सूर्याच्या अधिक जवळ असतो, मग तेथे गारवा का? शिक्षक बंधूंना याचे उत्तर सायकलच्या पंपाच्या साहाय्याने देता येईल. पंपाने हवा भरताना हवा दाबली जाते आणि पंपाचे टोक तापते. उलट, भरलेल्या चाकातील हवा व्हॉल्व्हमधून सोडली, की बाहेर येणारी हवा पसरते आणि बोटाला गार लागते.

वातावरणातही हेच घडते. जमिनीलगतच्या हवेवर तिच्यावरील सर्व हवेचा भार असतो. ती वर चढली, की हा भार कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी हवा एक किलोमीटर वर चढली, तर सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. हवेत बाष्प असेल आणि त्याचे ढग बनू लागले, तर त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते व थंड होण्याचा वेग मंदावतो. सर्वसाधारण वातावरणाचा विचार केला, तर दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंश सेल्सिअस हे ढोबळ प्रमाण धरले जाते.

या प्रमाणाने नदीकाठ आणि शिखर यांच्या तापमानांत सुमारे १२ अंशांचा फरक पडावयास हवा. प्रत्यक्षातील अनुभव या हिशेबाला बराचसा धरून आहे. उद्यानाचे व्यवस्थापन पर्यटकांना जे तापमान कळविते, ते मध्यम उंचीवरील पँथर जंक्शनचे असते. त्यासोबत अशी सूचना असते, की चिसॉस पर्वतात हा आकडा ५ ते १० अंश फॅरनहाइटने कमी आणि नदीकाठी तेवढ्याच अंशांनी अधिक धरावा. मला या सूचनेचे फार कौतुक वाटते. आकडा कोणत्या उंचीवरील आहे, हे तेथे आकड्याबरोबरच सांगितले जाते.

उन्हाळा : मे आणि जून

बिग बेंडमधील सर्वांत कडक उन्हाळा मे व जून या महिन्यांत असतो. जुलैमध्ये पावसाच्या सरी येऊ लागतात आणि उष्णतेचा जोर ओसरतो. पाऊस येण्यापूर्वी ऊन तापते आणि पाऊस आला, की उतरते, हा क्रम आपल्याही अनुभवातील आहे.

जूनमध्ये पँथर जंक्शन येथे दिवसाचे सरासरी कमाल तापमान सुमारे ३४ अंश सेल्सिअस असते. हा आकडा वाचून विदर्भातील माणूस हसेल. परंतु हा आकडा मधल्या पायरीचा आहे. त्याच दुपारी बेसिनमध्ये पाइन व ओक वृक्षांच्या सावलीत माणसे सुखाने हिंडत असतात, आणि नदीकाठच्या उघड्या खडकावर पारा चाळिशीच्या पलीकडे गेलेला असतो. सकाळी पर्वतात न्याहारी करून दुपारी खाली उतरणारा प्रवासी तासाभराच्या प्रवासात जणू दुसऱ्या ऋतूत जाऊन पोहोचतो.

याचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, ते २३ जून २०२३ रोजी दिसून आले. त्या दिवशी नदीजवळच्या सखल भागातील मारुफो वेगा या पायवाटेवर एक कुटुंब चालत होते. या वाटेवर सावली नाही आणि पाणीही नाही. तापमान ११९ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४८ अंश सेल्सिअस, होते. कुटुंबातील १४ वर्षांचा मुलगा उन्हाने कोसळला व मरण पावला. मदत आणण्यासाठी मोटारीकडे धावलेला त्याचा सावत्र पिता पुढे मोटार अपघातात मृत्युमुखी पडला.

या घटनेची चर्चा करताना कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. उंचीचा विचार न करता ‘उद्यानातील हवामान’ असा एकच शब्द वापरला, तर तो किती अपुरा पडतो, एवढेच मला दाखवावयाचे आहे. तेथील व्यवस्थापन प्रत्येक माणसामागे दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरांहून अधिक, पाणी जवळ बाळगण्यास सांगते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी सखल भागातील वाटा टाळण्याची सूचना देते. या सूचनेमागे कितीतरी दुःखद अनुभव आहेत.

पावसाळा : ढग डोंगरावर का जमतात?

या प्रदेशात वर्षातील बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. उन्हाळ्यात जमीन तापली, की वाऱ्यांची दिशा बदलते आणि मेक्सिकोच्या आखातावरील बाष्प आत येऊ लागते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील या पावसालाही तेथील शास्त्रज्ञ ‘मॉन्सून’ असेच म्हणतात. आपल्या मॉन्सूनच्या मानाने तो फारच दुबळा, परंतु त्या मुलखाचे जीवन त्याच्यावरच अवलंबून आहे.

या पावसाचे वाटप पर्वत करतो. सकाळी उन्हाने डोंगराचे उतार तापतात. त्यांच्यालगतची हवा उतारावरून वर सरकू लागते, शिखरापाशी पोहोचेपर्यंत थंड होते आणि दुपारी तेथे ढगांचे ढीग रचले जातात. तिसऱ्या प्रहरी गडगडाटासह सरी कोसळतात. खाली सपाटीवर मात्र पुष्कळदा वेगळेच दृश्य दिसते. ढगातून पाऊस निघालेला डोळ्यांना दिसतो, पण जमिनीवर एक थेंब पडत नाही. मधल्या तापलेल्या कोरड्या हवेतच थेंबांची वाफ होऊन जाते. डोंगरमाथा ढगाला जवळ असल्यामुळे तेथे थेंब वाचतो.

याचा एकत्रित परिणाम असा, की नदीकाठी वर्षाला सुमारे १० इंच पाऊस पडतो, तर बेसिनमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. शिवाय डोंगरावर तापमान कमी असल्याने पडलेले पाणी लवकर उडून जात नाही. म्हणजे डोंगराच्या पदरात जास्त पाऊस पडतो आणि त्यातील जास्त भाग त्याच्याकडे शिल्लकही राहतो. उत्तरेकडील उतारांवर ऊन तिरपे पडते, त्यामुळे तेथील ओल आणखी टिकते. एकाच उंचीवर दक्षिण उतारावर काटेरी झुडपे आणि उत्तर उतारावर दाट वृक्ष, असे चित्र तेथे जागोजागी दिसते.

डोंगरावर पडलेला पाऊस खाली येतो तो लोंढ्याच्या रूपाने. वाळवंटातील कोरडे नाले वर्षातील बहुतेक दिवस रस्त्यासारखे दिसतात. वर शिखरावर सर कोसळली, की खाली लख्ख ऊन पडलेले असतानाही त्या नाल्यातून एकाएकी पाण्याची भिंत धावत येते. आकाश निरभ्र आहे म्हणून नाल्यात तळ ठोकू नये, हा तेथील पहिला नियम आहे. घाटमाथ्यावरच्या पावसाने पायथ्याच्या ओढ्याला अवचित पूर आलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

हिवाळा : थंडीचा उलटा न्याय

येथवर ऐकून आपला असा समज होईल, की जेवढे वर जावे तेवढी थंडी अधिक, एवढा साधा हिशेब आहे. दिवसा तो बहुतांशी खरा असतो. हिवाळ्यातील शांत, निरभ्र रात्री मात्र तो उलटतो.

वाळवंटातील हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळताच जमिनीतील उष्णता झपाट्याने आकाशाकडे निघून जाते. उतारावरील जमिनीलगतची हवा थंड होते. थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणे उतारावरून घळींतून खाली वाहत जाते आणि तळाशी साचून राहते. परिणामी दरीच्या तळाला कडाक्याची थंडी आणि मधल्या उतारावर मात्र त्या मानाने उबदार हवा, अशी स्थिती पहाटे निर्माण होते. महाबळेश्वरला हिवाळ्यात दंव गोठल्याची बातमी येते ती बहुधा वेण्णा तलावाच्या परिसरातून येते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. तो परिसर महाबळेश्वरच्या पठारावरील सखल भागात आहे.

थंड हवेच्या या वाहण्याची पद्धतशीर नोंद करणाऱ्यांत फॉरेस्ट श्रीव्ह या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. टेक्सासच्या पश्चिमेकडील ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराजवळ १९०३ साली वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. श्रीव्ह तेथे काम करीत असत. जवळच्या सांता कॅटलिना पर्वतावर निरनिराळ्या उंचींवर त्यांनी पाऊस, तापमान, जमिनीतील ओल व बाष्पीभवन यांच्या नोंदी केल्या, आणि १९१५ साली वाळवंटी पर्वतावरील वनस्पती व हवामान यांच्या संबंधावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याही पूर्वी, १८८९ साली, सी. हार्ट मेरियम यांनी त्याच राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शिखरांचा अभ्यास करून उंचीनुसार जीवसृष्टीचे पट्टे कसे बदलत जातात, हे मांडले होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या माणसांनी एकच साधी गोष्ट केली. पायथ्याशी एक नोंद घेऊन ते थांबले नाहीत, पायरीपायरीने वर चढत गेले.

बिग बेंडचा हिवाळा एरवी सौम्य असतो. जानेवारीत पँथर जंक्शनला दिवसा सुमारे १६ अंश आणि रात्री एक-दोन अंश सेल्सिअस, असे सरासरी तापमान असते. उत्तरेकडून थंडीची लाट आली, की काही तासांत ते पुष्कळ खाली जाते. चिसॉसवर अधूनमधून हलके हिमही पडते, पण ते फार दिवस टिकत नाही.

हिवाळा संपतो तोही खालून वर. नदीकाठच्या रेताड जमिनीत फेब्रुवारीतच निळ्या रानफुलांना बहर येतो. पावसाने साथ दिली, तर पुढील आठवड्यांत हा बहर उतारावरून वर चढत जातो. खालचे फूल सुकते तेव्हा वरचे उमलत असते.

समुद्रातील बेटासारखा पर्वत

ऋतूंच्या या उतरंडीवर तेथील जीवसृष्टी बसलेली आहे. खाली नदीकाठी वेत व विलो, त्यावर काटेरी झुडपांचे व निवडुंगांचे वाळवंट, त्यावर गवताळ उतार, त्याहून वर जुनिपर, पाइन व ओक यांची वने, आणि अगदी वरच्या थंड, सावलीच्या घळींत डग्लस फर व ॲरिझोना सायप्रस यांसारखे वृक्ष. एमोरी शिखराच्या दगडगोट्यांत ॲस्पेन या थंड प्रदेशातील वृक्षाचा लहानसा समूहही तग धरून आहे. सखल भागात म्यूल हरणे, तर पर्वतावर कार्मेन पांढऱ्या शेपटीची लहान हरणे राहतात. कोलिमा वॉर्बलर हा छोटा पक्षी वसंतात मेक्सिकोतून येतो. अमेरिकेत त्याची वीण मुख्यतः या चिसॉस पर्वतातच होते.

थंड प्रदेशातील हे वृक्ष वाळवंटाच्या मधोमध कसे आले? याचे उत्तर एका उंदराने जपून ठेवले होते. पॅकरॅट नावाचा तेथील उंदीर काड्या, पाने व बिया गोळा करून कपारीत साठवितो. कोरड्या हवेत हे ढीग हजारो वर्षे टिकतात. बिग बेंडच्या सखल भागातील अशा ढिगांचा अभ्यास फिलिप वेल्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसून आले, की हिमयुगात, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, आज जेथे वाळवंट आहे तेथे पाइन व जुनिपर यांची वने होती. हवामान उबदार व कोरडे होत गेले, तशी ही वने डोंगर चढत गेली. आज ती माथ्यावर आहेत, आणि सभोवार वाळवंटाचा समुद्र आहे. अशा पर्वतांना शास्त्रज्ञ ‘आकाशातील बेटे’ म्हणतात.

२०११ ची कसोटी

या बेटाची परीक्षा २०११ साली झाली. त्या वर्षी उद्यानाच्या नोंदींतील एका वर्षातला सर्वांत तीव्र दुष्काळ पडला. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, टेक्सासमधील संशोधकांनी ६६६ मीटरपासून १,९२० मीटरपर्यंत सारख्या अंतरावरील सहा उंचींवर वनस्पतींची मोजणी करून ठेवली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी केली. सर्वांत खालच्या पायरीवर झाडाझुडपांच्या फांद्यापानांचा सरासरी ८३ टक्के भाग वाळून गेला होता. सर्वांत वरच्या पायरीवर हे प्रमाण ८ टक्के होते.

एक दुष्काळ, एक उद्यान, एक वर्ष. आणि नुकसानीचे आकडे ८३ व ८. वनस्पतीची पाने जाड की पातळ, यापेक्षा ती कोणत्या उंचीवर उभी आहे, याच गोष्टीने तिचे भवितव्य ठरविल्याचे त्या अभ्यासात आढळले. आता या दोन आकड्यांच्या मधला कोणताही एक आकडा घेऊन ‘उद्यानाचे सरासरी नुकसान’ म्हणून कोणी प्रसिद्धिपत्रक काढले, तर ते कोठल्या पायरीला लागू पडेल? ते सरपंच येथे असते, तर त्यांनी हाच प्रश्न विचारला असता.

शिखराच्या वर वाट नाही

वरची पायरी त्या वर्षी बचावली, म्हणून ती सुरक्षित आहे असे मात्र समजता येणार नाही. जगाचे सरासरी तापमान वाढत आहे. तापमान वाढले, की उष्ण हवामानाचे पट्टे डोंगरावर वर सरकतात आणि त्यांच्याबरोबर वनस्पतींना व प्राण्यांनाही वर सरकावे लागते. पण पर्वत वर निमुळता होत जातो. जेवढे वर जावे तेवढी जागा कमी, आणि शिखराच्या वर तर जागाच नाही. हिमयुगानंतर डोंगर चढत आलेल्या या वनांना आता चढण्यासाठी फारच थोड्या पायऱ्या उरल्या आहेत. सभोवारचे वाळवंट ओलांडून वृक्षांना दुसऱ्या डोंगरावर जाता येत नाही.

दुष्काळाने वाळलेल्या वनाला वणव्याचाही धोका असतो. एप्रिल २०२१ मध्ये चिसॉसच्या उंच भागात लागलेल्या आगीत सुमारे १,३०० एकर क्षेत्र जळाले. मे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका पथकाला या उद्यानात ओकच्या एका दुर्मीळ जातीचा एक वृक्ष सापडला. ही जात २०११ नंतर नष्ट झाली, असेच समजले जात होते. सुमारे ३० फूट उंचीच्या त्या वृक्षाच्या खोडावर आगीच्या खुणा होत्या, आणि त्याला बुरशीही लागलेली होती. एका संपूर्ण जातीचा भार एका जखमी झाडाने पेलावा, ही अवस्था विचार करावयास लावणारी आहे.

निराशाजनक बाजूबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पर्वतातील काळी अस्वले नाहीशी झाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोतील सिएरा देल कार्मेन पर्वतातून नदी व वाळवंट ओलांडून ती स्वतःहून परत आली आणि चिसॉसमध्ये पुन्हा पिल्ले वाढवू लागली. ही वाट खुली राहिली आणि पलीकडचा पर्वतही शाबूत राहिला, म्हणून हे घडू शकले. एका बेटाचे रक्षण करावयाचे, तर शेजारची बेटे आणि त्यांच्यामधील वाटाही राखाव्या लागतात.

आपल्यापुरता बोध

मित्रहो, बिग बेंड आपल्यापासून फार दूर आहे. तेथील आकडे आपल्या कामाचे नाहीत, पण ते आकडे मिळविण्याची रीत आपल्या कामाची आहे.

आपल्याकडे महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरांवरील वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. तेथे पर्वत वाळवंटात पाऊस आणतो, येथे पर्वत पाऊस अडवून पलीकडच्या गावांना कोरडे ठेवतो. दोन्ही ठिकाणी उंची आणि उताराची दिशा यांवरच माणसाच्या विहिरीचे पाणी ठरते.

म्हणून माझी शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे, की शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक आणि सावलीत एक तापमापक ठेवावा. डोंगरमाथ्यावरील, उतारावरील आणि पायथ्याच्या अशा तीन शाळांनी वर्षभर रोजच्या नोंदी ठेवून त्यांची परस्परांत देवघेव केली, तर मुलांना भूगोलाचा असा पाठ मिळेल, की जो कोणत्याही पुस्तकात नाही. पंचायत सदस्यांना विनंती, की गावाच्या पाण्याचा आराखडा करताना तालुक्याच्या आकड्याबरोबर आपल्या गावची उंची आणि डोंगराची बाजू यांचीही नोंद करावी. ओढ्याच्या पात्रालगत वस्ती असेल, तर पावसाळ्यात माथ्यावरच्या गावाशी निरोपाची व्यवस्था ठेवावी. वरच्या गावाने पाठविलेला एक निरोप खालच्या गावाला अर्ध्या तासाचा अवधी देऊ शकतो.

आणि अधिकारी मित्रांना, ज्यांत मीही आलो, एवढेच सांगावयाचे आहे, की सरासरी आपल्याला टाळता येणार नाही. शासनाचे काम तिच्यावाचून चालत नाही. परंतु तो आकडा कोणत्या उंचीवरचा, डोंगराच्या कोणत्या बाजूचा, हे त्याच्याशेजारी लिहिणे आपल्या हातात आहे. त्या पहिल्या चुकीनंतर मी तसे लिहू लागलो. ते सरपंच आज हयात नाहीत. पण पावसासंबंधीचे कोणतेही पत्रक सहीसाठी समोर आले, की त्यांची ती विहीर मला आठवते, आणि मी एकदा नकाशा उघडून पाहतो.